जुन्या तुळईतून नवी गिटार



वऱ्हाडातील जुने वाडे आज एकेक करून जमीनदोस्त होत आहेत. अमरावती असो की अकोला, अचलपूर असो की बाळापूर, पडक्या भिंतींबरोबर सागवानी तुळया, चौकटी, जिन्यांच्या फळ्या बाहेर येतात. त्यांतील चांगले तेवढे वखारीत जाते, उरलेले चुलीत. त्याच गावांतील एखाद्या तरुणाला गिटार शिकावीशी वाटली, तर तो दुकानात जातो आणि परवडेल ती, बहुधा प्लायवुडची गिटार घेऊन येतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, अशी शंकाही कोणाला येत नाही. आजचा विषय तो संबंध हाच आहे.

चांगल्या वाद्याला दुर्मिळ आणि महाग लाकूडच हवे, ही समजूत फार जुनी आहे, आणि तिला पहिला धक्का एका कारागिरानेच दिला. स्पेनमधील आंतोनिओ दे तोरेस (१८१७–१८९२) हा आधुनिक गिटारीचा जनक मानला जातो. मूळचा तो सुतार. गिटारीचा नाद मुख्यतः वरच्या पातळ फळीतून येतो, हे त्याचे मत होते. ते सिद्ध करण्यासाठी १८६२ मध्ये त्याने एक गिटार केली. तिची वरची फळी नेहमीच्या लाकडाची, परंतु पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या होत्या. ते वाद्य आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. पुढे अमेरिकेतील टेलर या कारखान्याने १९९५ मध्ये माल ठेवण्याच्या टाकाऊ लाकडी चौकटीतून गिटार घडवून हाच मुद्दा पुन्हा मांडला. सारांश, लाकडाच्या किमतीपेक्षा हाताचे ज्ञान मोठे.

वऱ्हाडात तर जुन्या लाकडाचा एक विशेष गुण आहे. इथला उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो आणि पाठोपाठ दमट पावसाळा येतो. कच्चे लाकूड या फेऱ्यात आकसते, फुगते, तडकते. ज्या तुळईने असे साठ-सत्तर उन्हाळे सोसले, तिच्यातील ताण पुष्कळसा निवलेला असतो. ती हवामानाला अजूनही प्रतिसाद देते, पण नव्या फळीसारखी वेडीवाकडी होत नाही. अर्थात जुने लाकूड निमूटपणे वश होते असेही नाही. त्यात गाडलेले खिळे लोहचुंबकाने शोधून काढावे लागतात, अन्यथा रंध्याचे पाते जाते. साग तेलकट असतो. म्हणून सांधा जोडण्यापूर्वी लगेच पृष्ठभाग ताजा रंधून घ्यावा लागतो, नाहीतर सरस धरत नाही. वरच्या फळीसाठी हलके, सरळ धाग्याचे लाकूड हवे. परदेशी यंत्रे ज्या खोक्यांतून येतात, त्यांत पाइन किंवा स्प्रूसची अशी फळी कधी कधी मिळते. मात्र त्यावर ‘एमबी’ असा शिक्का असल्यास ती घेऊ नये. विषारी वायूने कीड मारल्याची ती खूण आहे.

पुढचे काम संयमाचे. वरची फळी सुमारे अडीच मिलिमीटर जाडीपर्यंत उतरवायची आणि आतून बारीक पट्ट्यांचा आधार द्यायचा. बाजूच्या पट्ट्या दोन मिलिमीटरच्या करून, ओल्या करून, तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू वाकवायच्या. तारेची कंप पावणारी लांबी ६५० मिलिमीटर धरली, तर तिला १७.८१७ ने भागून येणारे साडेछत्तीस मिलिमीटर हे पहिल्या पडद्याचे अंतर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागले की दुसरा पडदा, आणि असे करत बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२५ मिलिमीटरवर येतो. शाळेत कोरडा वाटलेला भागाकार इथे कानाला ऐकू येतो. पोलादी तारा एकत्रितपणे सुमारे सत्तर किलोचा ताण देतात, नायलॉनच्या चाळीसच्या आसपास. म्हणून पहिल्या वाद्याला नायलॉनच्याच तारा लावणे शहाणपणाचे.

परंतु हे सारे ज्ञान आहे कोणापाशी? ज्याच्या हाताला लाकडाचा धागा कळतो, तो सुतार गिटारीपासून दूर आहे. आणि ज्याला गिटार हवी आहे, त्या शिकलेल्या मुलाने पटाशी कधी हातात धरलेली नाही. ही फारकत अपघाताने झालेली नाही. वाजवणाऱ्याला मान आणि घडवणाऱ्याला बलुते, ही या समाजाची जुनी वाटणी आहे. गायकाची बिरुदे सर्वांना पाठ असतात. त्याचा तानपुरा कोणी लावला, भोपळा कोणी पारखला, हे कोणी विचारीत नाही. मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवायला घेतली आणि हिंदुस्थानी संगीताला त्यांनी सितार-तानपुरे पुरवले. त्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले ते २०२४ मध्ये. हत्यार करणारा हात वाद्याकडे वळू शकतो, याचे याहून उत्तम उदाहरण शोधावे लागणार नाही.

गिटार परकीय आहे, असा आक्षेप काही जण घेतील. पेटीही परकीयच होती. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. तरीही महाराष्ट्रातील भजनी मंडळांनी पेटी सोडली नाही. वाद्य कोणत्या देशात जन्मले याहून ते कोणाच्या हाती आले, हे महत्त्वाचे. तुकडोजी महाराजांनी खंजिरी हाती घेतली आणि यावली-मोझरीचा आवाज देशभर गेला. गाडगेबाबांनी तर फुटके गाडगे आणि चिंध्या हीच आपली ओळख केली. टाकाऊ मानलेल्या वस्तूला प्रतिष्ठा देण्याचा वारसा अमरावती जिल्ह्याला परका नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एका तरुणाने घरी गिटार केली, म्हणून सुताराची मजुरी वाढते काय? वाढत नाही. हौशी हस्तकला हा शोषणावरचा उपाय नव्हे, आणि तसे सांगणारा स्वतःची फसवणूक करतो. तथापि एक गोष्ट घडते. अमेरिकेतील मार्टिन कंपनी १९६९ च्या सुमारास ब्राझीलच्या शिसवाऐवजी भारतीय शिसवाकडे वळली. तेव्हापासून दक्षिणेतील जंगलांचे लाकूड परदेशी जाते आणि वाद्य होऊन कित्येक पट किमतीला परत येते. या किमतीत लाकूड किती, श्रम किती आणि नाव किती, हे आकडे वाचून पटत नाही. तीन महिने पट्ट्या वाकवून, दोन मोडून, तिसरी बसवणाऱ्याला ते कळते. श्रमाचे मोल भाषणात सांगणारे पुष्कळ आहेत. ते बोटांना ठाऊक असलेले कार्यकर्ते थोडे आहेत.

म्हणून सूचना साधी आहे. ज्या गावी वाडा पडत असेल, तिथल्या कार्यकर्त्यांनी दोन चांगल्या तुळया सरपणातून वाचवाव्यात. गावच्या सुताराला शिक्षक म्हणून बोलवावे आणि शिक्षकाचे म्हणून त्याला पूर्ण मानधन द्यावे; उपकार म्हणून नव्हे, आणि फुकटही नव्हे. मुलांबरोबर मुलींच्याही हाती करवत द्यावी. पहिली गिटार बहुधा बेसूर निघेल, दुसरी कमी बेसूर. आणि जेव्हा एखादी सुरात वाजेल, तेव्हा तिच्या पोटात, नादछिद्रातून दिसेल अशा जागी, घडवणाऱ्या सर्वांची नावे लिहावीत. सुताराचे नाव सर्वांत वर असावे.