चिंचवडात समुद्र



चिंचवडला पवनेच्या घाटावर, मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापाशी कधी उभे राहिलात, तर समोरून वाहणारे पाणी कोठे जाते याचा विचार करून पाहा. पवना दापोडीला मुळेत शिरते, मुळा पुण्यात मुठेला मिळते, मुळामुठा भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा जाते ती थेट बंगालच्या उपसागराला. जवळचा समुद्र घाट उतरला की पश्चिमेला. पण आमचे पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून सारा देश ओलांडते! अशा या गावातल्या एका शाळेत आम्ही समुद्राचा एक लहानसा तुकडा काचेच्या पेटीत मांडायला निघालो. त्याची ही हकीकत. तीत आमची फजिती आहे, आणि त्या फजितीतून मिळालेला धडाही आहे.

पेटी आणली, पाणी भरले, मीठ घातले, दुसऱ्याच दिवशी चार रंगीत मासे सोडले. मुले खूश. पाचव्या दिवशी सकाळी वर्ग उघडला तो चारही मासे तळाशी पडलेले. एक मुलगी काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “सर, पाणी तर किती स्वच्छ दिसतंय. मग मासे मेले कशानं?”

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. आज देतो.

पाणी निर्मळ दिसणे वेगळे आणि ते निर्विष असणे वेगळे. मासा श्वासोच्छ्वासाबरोबर आपल्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकत असतो. उरलेले अन्न कुजते, त्याचाही अमोनिया होतो. हे विष डोळ्यांना दिसत नाही. समुद्रात ते अफाट पाण्यात विरून जाते; पेटीत जाणार कोठे? ते नाहीसे करणारे कामकरी आहेत, पण तेही डोळ्यांना न दिसणारे. एका जातीचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच. दुसऱ्या जातीचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते पुष्कळच कमी घातक असते. हे जीवाणू वाळूच्या कणांवर, दगडांवर आणि गाळणीत वस्ती करतात. ती वस्ती वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही एक दिवस थांबलो होतो!

आमच्या शेजारी पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि दुसऱ्या वर्षापासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. एका बुरशीला पोसून, तिला हवे ते अन्न आणि हवी ती ऊब देऊन माणसाचे प्राण वाचवणारे औषध मिळवायचे, हे काम आमच्या पंचक्रोशीने पाहिलेले आहे. सूक्ष्म जीवांना घाई चालत नाही, हे आम्हाला तरी ठाऊक असायला हवे होते.

आता नव्याने पेटी मांडायची तर कशी, ते क्रमाने सांगतो.

पेटी मोठी घ्यावी. लहान पेटीत सारे काही झपाट्याने बिघडते. ९० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४५ उंच अशी पेटी वर्गाला पुरे. तिच्यात वाळूची जागा सोडून सुमारे १३० लिटर पाणी मावते. काच, वाळू, पाणी मिळून वजन दोनशे किलोच्या आसपास जाते; तेव्हा बाकावर ठेवू नका, भक्कम लोखंडी घोडीवर ठेवा, आणि खिडकीच्या उन्हापासून दूर.

पाणी शुद्ध हवे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते माशांना आणि आपल्या त्या जीवाणूंना मारते. म्हणून आर. ओ. यंत्राचे पाणी वापरणे बरे. भांडी प्लॅस्टिकची घ्यावी. तांब्याचा अंशसुद्धा कोळंबी-खेकड्यांच्या जातीला सोसत नाही.

मग मीठ. येथे बहुतेक जण फसतात. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांच्या शंभर भागांत सुमारे ८५ भाग आपले नेहमीचे मीठ, आणि उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, गंधकाचे क्षार. मिठागरात आधी मिठाचे खडे जमतात आणि उरलेले कडवट पाणी सोडून देतात. मॅग्नेशियम बहुतांशी त्या पाण्याबरोबर निघून जाते. म्हणून खडेमीठ पाण्यात घातले तर खारे पाणी होते, समुद्राचे पाणी होत नाही. मत्स्यालयासाठी तयार केलेले सागरी मीठच घ्यावे. आपल्या पेटीला ते साडेचार-पाच किलो लागेल. ते वेगळ्या पिंपात ढवळून, एक रात्र हवा सोडून, मगच पेटीत ओतावे.

खारटपणा मोजायचा कसा? दुधाच्या डेअरीत लॅक्टोमीटर पाहिलाच असेल. तसाच काटा येथे लागतो. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५ येते, म्हणजे ते जवळजवळ दुधाइतके जड असते. शिक्षकांनी दोन्ही मापे मुलांकडून घेववावीत. विज्ञानाचा एक तास सार्थकी लागेल.

तळाला शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीची वाळू घालावी. तिच्या चुन्याने पाण्याचा अल्कधर्म टिकतो. पाणी फिरवणारा पंप आणि गाळणी चोवीस तास चालू हवी. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक-पंचमांश प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून वीज गेली की धोका आहे. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा.

आता मासे न सोडता कोळंबीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा पेटीत टाका आणि थांबा. तो कुजेल, अमोनिया होईल, जीवाणू वाढतील. दर दोन-तीन दिवसांनी पाण्याची परीक्षा करून मुलांनी आकडे भिंतीवरच्या तक्त्यावर मांडावेत. अमोनियाची रेघ चढेल आणि उतरेल, मागोमाग नायट्राइटची चढेल आणि उतरेल. दोन्ही शून्यावर येऊन तेथेच टिकल्या, की पहिला मासा आणावा. तोवर नाही.

पुढे एक नियम शेतकरी बंधूंना चटकन समजेल. पेटीतले पाणी रोज उडते, मीठ मात्र मागे राहते. उसाला बेसुमार पाणी पाजलेली जमीन अशीच क्षारपड होते. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी बिनमिठाचे पाणी घालावे. मात्र साचलेले नायट्रेट काढण्यासाठी दर पंधरवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलाल, ते खारेच घालावे. उन्हाळ्यात पाणी २७ अंशांच्या फार वर जाऊ देऊ नका. पाण्यावर पंख्याचा वारा सोडला तर माठातल्यासारखे ते दोन-तीन अंश निवते.

मासे कोणते? आमच्या पेटीला क्लाऊनफिशची एक जोडी पुरे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा समुद्रातून न पकडता हौदात पैदा करता येतो, आणि तसाच पैदा केलेला मागून घ्यावा. प्रवाळ आणि समुद्रघोडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. कोणी देऊ केले तरी घेऊ नयेत. मुलांना समुद्रावर प्रेम करायला शिकवताना समुद्रच लुटून आणला, तर तो धडा उलटाच व्हायचा.

मुंबईला मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाले. त्याच्या दारातच समुद्र होता. आपल्याला तो हातांनी करावा लागतो, इतकाच फरक. पण त्यामुळेच समुद्र म्हणजे काय हे आपल्याला जास्त कळते.

शेवटी एक सांगायचे आहे. पेटी मांडण्याआधी वर्गात प्रश्न विचारा : मे महिन्याच्या सुट्टीत माशांना खाऊ कोण घालणार? दिवाळीत पाणी कोण बदलणार? हा मासा नीट सांभाळला तर दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतो. आजची मुले शाळा सोडून जातील तरी तो असेल. उत्तर मिळाले नाही, तर पेटी आणू नका. त्या पैशांत मुलांना घेऊन घाट उतरा आणि ओहोटीच्या वेळी खडकांतली डबकी दाखवून आणा. त्यातही कमीपणा नाही.

आमच्या वर्गाने उत्तर दिले. सुट्टीतल्या पाळ्यांचा तक्ता त्याच मुलीने केला. पुढे सहा आठवडे आमच्या पेटीत पाणी, वाळू आणि दिवा एवढेच होते. येणारेजाणारे हसत, “अहो सर, मासे कुठं आहेत?” म्हणून विचारत. तेव्हा ती मुलगी उत्तर देई, “अजून घर बांधतोय.”