फ्लेमिंगोंची लोकल कितीची?

आजचा भाग ऐकताना कॅलेंडर हाताशी ठेवा. मोबाइलमधलं नाही, भिंतीवरचं, तिथीवालं.

आपल्या पनवेलहून हार्बर लाइनने निघालात की पाचवं स्टेशन सीवूड्स-दारावे. तिथल्या डीपीएस तलावावर किंवा एनआरआय कॉम्प्लेक्सजवळच्या पाणथळीवर हिवाळ्यापासून अगदी मेपर्यंत फ्लेमिंगो येतात. पुस्तकात त्यांना रोहित म्हणतात. बरेच जण हौसेने जातात, रिकामं पाणी बघतात आणि "काही नव्हतं रे" म्हणत परत येतात. पक्षी असतात हो, फक्त तेव्हा ड्युटीवर असतात.

ड्युटी ठाणे खाडीत. ओहोटीला तिथला चिखल उघडा पडतो आणि सगळं जेवण त्या चिखलात. लहान रोहित चोच उलटी करून बुडवतो, जिभेने पंपासारखं पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीच्या आतल्या बारीक जाळीत सूक्ष्म शैवाल अडकवतो. गाळणीच ती! थोरल्या रोहिताची जाळी जरा मोठी, त्यात छोटे जलचरही सापडतात. गुलाबी रंग याच खाण्यातून येतो.

मग भरती चढते, चिखल बुडतो आणि एवढ्या लांब पायांनाही तिथे टेकायला जागा उरत नाही. थवे उठतात आणि आतल्या उथळ तळ्यांवर येऊन विसावतात. पाणी ओसरलं की परत खाडीत. दिवसाला साधारण दोन भरत्या, म्हणजे दोन फेऱ्या, त्यातली एक बऱ्याचदा अंधारात. यांचं घड्याळ सूर्याचं नाही, चंद्राचं.

आता कॅलेंडर. कोळी बांधवांकडचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे 15, पाऊणपट सव्वाअकरा. अष्टमीला सहा. एका ओळीचं फंक्शन, ना ॲप, ना नेट! अंदाजच आहे, अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरा. अष्टमीला भर दुपारी गेलात तर तेव्हा ओहोटी, तळं रिकामं. शिवाय तेव्हा भांगाची भरती, पाणी कमीच चढतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला जा.

खाडीला 2015 मध्ये अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसरचा दर्जा मिळाला. छान. पण ते जेवणाचं ताट झालं, बसायची जागा बाहेर राहिली. 2024 च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावात भरतीचं पाणी यायचे मार्ग बंद झाले आणि तलाव कोरडा पडला. त्याच काळात आसपास मेलेले फ्लेमिंगो सापडले. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरवर विमानाच्या धडकेत किमान 39 गेले. विमान सुखरूप उतरलं.

आणि आता विमानतळ आपल्या उंबऱ्यावर आहे, एका बाजूला सीवूड्स, दुसरीकडे उरणच्या पाणथळी. काही जण म्हणतात, तळी बुजवली की पक्षी जातील आणि धोका टळेल. मला हे लॉजिकच पटत नाही. खाडी तिथेच आहे, भरती दिवसातून दोनदा येणारच. ठरलेली जागा काढून घेतली की हजारो पक्षी दुसरी जागा शोधत हवेत फिरणार. ठरलेल्या रूटवरची बस बरी की रूट नसलेली?

येत्या पौर्णिमेला जाणार असाल तर सव्वाअकराच्या तासभर आधी पोचा. दुर्बीण नसली तरी चालेल. ड्रोन मात्र घरी ठेवा.