गोळीआधीची चाचणी

१७ फेब्रुवारी १९५१ रोजी लखनौमध्ये, गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नवाबी राजवाड्यात, केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्‌घाटन झाले. हिवतापावरील बुलाक्विन हे औषध याच संस्थेचे. प्रायमाक्विन हाताशी असताना ते शोधावे का लागले, हे पाहण्याजोगे आहे.

व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप उतरला म्हणजे संपला असे नव्हे. त्याचे परजीवी यकृतात दडून राहतात व काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांचा नाश करण्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस देतात. परंतु काही रोग्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात; लघवी काळपट होते, कावीळ दिसते, प्रसंगी जिवावर बेतते. याचे कारण १९५६ साली अमेरिकेत उलगडले. अशा माणसांच्या तांबड्या पेशींत ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज हे एंझाइम अपुरे असते. ही उणीव क्ष गुणसूत्रावरून येते. पुरुषाजवळ ते एकच असल्याने मातेकडून आलेला दोष झाकला जात नाही. स्त्रीच्या मात्र काही पेशी सदोष, काही निर्दोष असू शकतात, आणि साधी चाचणी नेमकी तिथेच फसते.

मुंबईच्या पारशी समाजातील या उणिवेची नोंद १९६३ साली प्रसिद्ध झाली. पुढे सापडलेल्या एका भारतीय प्रकाराच्या नावात केरळबरोबर कल्याणही आहे. तेव्हा हा दोष परदेशी म्हणून सोडून देता येत नाही.

बुलाक्विन अशा रोग्यांना कमी बाधेल, ही अपेक्षा होती. पण शरीरात त्याचेही प्रायमाक्विनमध्ये रूपांतर होते. म्हणून औषधाइतकाच रोगीही पारखावा लागतो. त्यासाठी महागडी यंत्रे हवीतच असे नाही. रक्ताचा थेंब रसायनात मिसळून त्याचा ठिपका कागदावर घेतात आणि जंबुपार प्रकाशात धरतात. निरोगी रक्ताचा ठिपका चमकतो, सदोष रक्ताचा चमकत नाही. मात्र पेशी फुटल्यावर लगेच चाचणी केली, तर जुन्या, एंझाइमहीन पेशी आधीच नष्ट झालेल्या असतात व उरलेले रक्त निर्दोष भासते. चाचणी गोळीआधीच हवी, ती यासाठी.

भारताच्या २०१३ च्या राष्ट्रीय औषध धोरणाने अशा रोग्यांना प्रायमाक्विन वर्ज्य ठरवले, आणि लघवी काळी झाल्यास गोळ्या थांबवण्याची सूचना दिली. ही सूचना रास्त, पण ती हानी सुरू झाल्यानंतरची. २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या टॅफेनोक्विनचा एकच डोस पुरतो. तो शरीरात अनेक दिवस टिकतो व एकदा गिळला की थांबवता येत नाही. म्हणून त्याआधी एंझाइमचे प्रमाण मोजणे अनिवार्य आहे. ज्यांच्यात उणीव आढळते, त्यांच्यासाठीही वाट बंद नाही: वैद्यकीय देखरेखीखाली प्रायमाक्विन आठवड्यातून एकदा, असे ८ आठवडे देण्याचा पर्याय जागतिक आरोग्य संघटनेने सुचवला आहे.