खेळ कोणता मांडावा?



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर व्हिडिओ गेमचा विषय निघावा, याचे काही ज्येष्ठांना नवल वाटेल. परंतु जबलपूरच्या मराठी घरांतून पुण्या-मुंबईकडे गेलेल्या मुलांपैकी एखाद्याला नोकरी सोडून असा खेळ निर्माण करण्याची ओढ लागते आणि घरची पुंजी त्यात घालावी काय, असा प्रश्न आईवडिलांपुढे उभा राहतो. म्हणून लहान संस्था आपला खेळ कसा निवडतात, हे आपण समजून घेऊ.

मोठ्या कंपनीचे चार खेळ बुडाले तरी पाचवा तिला तारून नेतो. पाच-दहा जणांच्या संस्थेची मात्र दोन-तीन वर्षे एकाच खेळात खर्ची पडतात. तो फसला की संस्थाच मिटते. त्यामुळे कल्पना उत्तम आहे काय, एवढेच विचारून भागत नाही. आपल्याजवळील माणसांच्या हातून, आपल्या शिलकीत ती तडीस जाईल काय आणि ती घेणारा कोण, हेही विचारावे लागते.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे बोलकी आहेत. नवी मुंबईच्या गेमेशन या संस्थेने 2016 साली ‘ल्यूडो किंग’ आणला. नियम घरोघरी ठाऊक, शिकवावयाचे काही नाही आणि दूरचे आप्तही एका पटावर बसू शकतात, हे त्या निवडीचे बळ होते. 2020 च्या टाळेबंदीत त्याचा प्रत्यय आला.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने अवघड वाट धरली. आपल्या पुराणकथांच्या वातावरणात, राक्षसांनी पळविलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची कथा त्यांनी ‘राजी’ या खेळात मांडली. 2017 साली किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ती पुरी झाली नाही. परंतु दाखविण्याजोगा नमुना हाती होता. पुढे प्रकाशक लाभला, 2020 मध्ये खेळ प्रसिद्ध झाला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळाले.

तिसरी वाट पैसे लावून खेळण्याच्या खेळांची. मिळकत झटपट दिसे, म्हणून अनेक जण तिकडे वळले. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून अशा ऑनलाइन खेळांना बंदी घातली. ज्या मिळकतीच्या मुळाशी दुसऱ्याचे नुकसान असते, तिच्यावर संसार उभारू नये, हे आपल्या वडीलधाऱ्यांचे सांगणे येथेही लागू पडते.

आपल्या या भूमीतही कथांची वाण नाही. 1564 साली रणात देह ठेवणारी राणी दुर्गावती येथलीच. 1817 पर्यंतचा नागपूरकर भोसल्यांचा अंमलही येथलाच. एखाद्या तरुणाने यातून खेळ रचावयाचे ठरविल्यास आम्हांस आनंदच होईल. मात्र प्रारंभी संपूर्ण चरित्र हाती घेऊ नये. एकच प्रसंग निवडावा, काही महिन्यांत त्याचा नमुना करावा आणि तो आप्तांना नव्हे, परक्यांना खेळावयास द्यावा. आप्त कौतुक करतात. परका कंटाळला की खेळ खाली ठेवतो. तोच खरा परीक्षक.

आणि पालकांनी ‘किती मिळवशील?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘किती खर्च झाल्यावर थांबशील?’ असेही विचारावे. ज्याच्याजवळ याचे उत्तर आधीपासून लिहिलेले आहे, त्याच्या हाती घरची पुंजी अविचाराने उधळली जाणार नाही. अशा मुलाला नकार देण्यापूर्वी आपण दोनदा विचार करावा, एवढीच आमची विनंती आहे.