टाके निघाले म्हणजे बरे झाले का?
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



मला आरोग्यावर चार शब्द बोलायला सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा औषधांची नावे मजकडून ऐकायला मिळणार नाहीत. पाय मुरगळला किंवा ऑपरेशन होऊन बाई घरी आली, की पुढे काय करायचे, एवढेच सांगते.

आपल्याकडे पावसाळ्यात शेवाळलेले दगड आणि उन्हाळ्यात लांबवरचे पाणी. डोक्यावर हंडा असला म्हणजे पायाखालचे दिसत नाही. पाय सुजला की कोणीतरी गरम तेल घेऊन चोळायला बसते. चोळते मायेनेच, पण आत हाडांना बांधणारे बंध ताणलेले, थोडे फाटलेलेही असतात. चोळल्याने सूज वाढते. पहिले दोन-तीन दिवस शेक नको, चोळणे नको. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटे धरावा, नाहीतर माठातल्या पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. पट्टी बांधावी, पण बोटे निळी पडतील इतकी आवळू नये. पाय उशीवर उंच ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील तर दवाखान्यात जाऊन फोटो काढावा. सूज उतरू लागली की घोटा हळूहळू फिरवायला लागावे. महिनाभर पाय बांधून निजून राहिले तर सांधा धरतो.

अवयव पुन्हा चालता करणे हे एक शास्त्रच आहे. मुंबईस हाजी अलीला त्याची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून आहे. आणि आपला सचिन तेंडुलकर! २००५ च्या मे महिन्यात त्याच्या कोपराचे ऑपरेशन लंडनला झाले. दुखणे टेनिस एल्बोचे. नाव खेळाचे असले तरी धुणी पिळणाऱ्या बाईलाही ते होते. तो मैदानावर परतला ऑक्टोबरात, नागपूरला, आणि ९३ धावा काढल्या. म्हणजे मध्ये पाच महिने गेले. आपल्या बायकांना कोणी पाच आठवडे तरी देते का?

आमच्या शेजारच्या एका सुनेचे गर्भपिशवीचे ऑपरेशन झाले. सुटीच्या कागदावर सूचना इंग्रजीत होत्या, त्या तिला कोणी समजावून सांगितल्या नाहीत. टाके निघाले, घरचे म्हणाले, झाली बरी. बाराव्या दिवशी हंडा डोक्यावर आला. पुढे जखमेपाशी पोट फुगले, हर्निया झाला, आणि पुन्हा ऑपरेशन करावे लागले.

वरची कातडी आठ-दहा दिवसांत जुळते, पण आतला थर पक्का व्हायला महिने लागतात. भरलेला हंडा सहज १२-१५ किलोचा. सिझेरियन झालेल्या बाईने सहा आठवडे आपल्या तान्ह्या बाळापेक्षा जड काही उचलू नये, असे डॉक्टर सांगतात. पोटाच्या इतर मोठ्या ऑपरेशनातही साधारण तेच.

मात्र जड उचलू नये म्हणजे हलूच नये असे नव्हे. डॉक्टरांनी उठवले की उठावे, घरातल्या घरात चालावे. त्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. उठताना एकदम सरळ न उठता कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरावी. ताप आला, जखम लाल झाली, पू आला किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता कोणी म्हणेल, बाई, हे सारे खरे, पण पाणी कोण आणणार? तोच खरा प्रश्न आहे, आणि सासूबाईंना नावे ठेवून तो सुटत नाही. त्यांच्याही गुडघ्यांत जोर नसतो. नवऱ्याने हंडा उचलला तर त्याचे काही बिघडत नाही, हे मी इथे बसलेल्या पुरुषमंडळींनाही ऐकू जावे म्हणून मोठ्याने सांगते. पण तो मजुरीला बाहेरगावी असला तर? सहा आठवड्यांचे दिवस होतात ४२. चौदा घरांनी वाटून घेतले तर प्रत्येक घराच्या वाट्याला तीनच दिवस येतात. मंडळाच्या वहीत त्यासाठी एक पान मोकळे ठेवले आहे. चहा होईपर्यंत ज्यांना नाव घालायचे असेल त्यांनी घालावे. लिहिता येत नसेल तर मी लिहीन.