दाढीची वाटी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिल्ली येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हाला भाषणाचा विषय विचारला तेव्हा आम्ही ‘दाढीची वाटी’ असे उत्तर दिले. आम्ही थट्टा करीत आहोत, असे त्यांना क्षणभर वाटले. ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर आणि नाट्यसंगीतावर विद्वानांनी व्याख्याने दिली, तेथे श्मश्रूच्या साबणाचा फेस कशात करावा याची चर्चा शोभेल काय, ही शंका त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली. तथापि आमच्या दिल्लीतील घरात एका हिवाळ्यात हाच प्रश्न सर्वांत मोठा होऊन बसला होता. भगिनीवर्गाने क्षमा करावी. अर्थात तो प्रश्न सोडविण्याचे श्रेय एका भगिनीकडेच जाते, हे पुढे येईलच.

आमच्या लहानपणी कोकणात न्हावी दारी येई. त्याच्या धोकटीत एक पितळी वाटी असे. पण ती पाण्याची. त्या पाण्याने गाल चोळून मऊ करावयाचे आणि वस्तरा चालवावयाचा, एवढाच विधी. युरोपातील न्हाव्याचे पितळी पात्र पसरट असे आणि गिऱ्हाइकाची मान बसावी म्हणून त्याच्या काठाला अर्धगोल खाच ठेवलेली असे. सर्व्हांटिसच्या डॉन किहोटेने १६०५ सालच्या कादंबरीत असेच एक पात्र सोन्याचे शिरस्त्राण समजून हस्तगत केले आणि डोक्यावर चढविले. दाढीच्या भांड्याला याहून मोठी प्रतिष्ठा कोठे मिळाल्याचे आम्हाला ठाऊक नाही. अमेरिकेत १९व्या शतकाच्या उत्तरार्धात केशकर्तनालयातून नेहमीच्या गिऱ्हाइकांचे मग फळीवर मांडलेले असत. त्यांवर मालकाचे नाव सोनेरी अक्षरांत आणि कित्येकदा त्याच्या धंद्याचे चित्रही काढलेले असे. पुढे किंग कँप जिलेट यांना १९०४ साली सुरक्षित पात्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले, दाढी घरोघरी होऊ लागली आणि त्या फळ्या ओस पडत गेल्या.

आपल्याकडे मात्र या भांड्याची निवड अशी कोणी केलीच नाही. स्वयंपाकघराने जे टाकले, ते दाढीने उचलले. कान तुटलेला कप, पोचा आलेली वाटी, झाकण हरवलेली डबी. हल्ली तर डब्यातून आयता फेस निघतो, त्यामुळे तेवढीही गरज उरली नाही असे पुष्कळांना वाटते.

आमचे वडील, नाना, यांची गोष्ट निराळी होती. ते घासून गुळगुळीत केलेली नारळाची करवंटी वापरीत. डाव्या हातात करवंटी, उजव्या हातात ब्रश, असा त्यांचा अर्धा तास चाले. करवंटीला उष्णता फारशी ओढून घेता येत नाही, त्यामुळे फेस कोमट राहतो आणि भिंतीही थंडगार लागत नाहीत. त्यातून जांभ्या दगडाच्या मुलखातील विहिरीचे पाणी. साबण नुसता दाखवावा की फेस उभा राहावा.

नानांना पक्षाघात झाला आणि उजवा हात गेला, तेव्हा आम्ही त्यांना दिल्लीस घेऊन आलो. दाढी आम्ही करू लागलो. यंत्र आमच्या हाती देण्यास त्यांची हरकत नव्हती. पण फेस आम्ही करावा, हे त्यांना सहन होत नसे. ते तोंड फिरवून बसत. जन्मभर स्वतःच्या हाताने केलेले काम होते ते. डाव्या हाताने ब्रश फिरविता येत होता, परंतु करवंटी धरावयास दुसरा हात कोठून आणावा? शिवाय दिल्लीच्या कोरड्या हवेत ती करवंटी महिनाभरात उभी तडकली.

मग आम्ही शोध आरंभिला. पहिली स्टेनलेस स्टीलची वाटी. जानेवारीत येथे पहाटेचे तापमान सात-आठ अंशांवर येते. पातळ पत्र्यात ऊब साठवून ठेवण्याइतके वस्तुमानच नसते. फेस गालापर्यंत पोहोचण्यापूर्वी गार होई आणि नाना दचकत. त्याहून वाईट म्हणजे ब्रशाच्या पहिल्याच फेऱ्याबरोबर ती हलकी वाटी टेबलावरून सरकत जाई. एकदा ती फेसासकट त्यांच्या मांडीवर पालथी झाली. त्या दिवशी नानांनी दाढी करू दिली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

मुरादाबादी पितळेची एक देखणी वाटी आणली. ती जड होती. पण कल्हई नसलेल्या पितळेत ताक जसे कळकते, तसाच काहीसा प्रकार साबणाचाही होतो. चार दिवसांत आत हिरवट डाग पडले. ॲल्युमिनियमचा विचारच केला नाही; साबणाच्या अल्कलीने ते काळवंडते. कानाचा मोठा मग आणला, तर कान धरावयास पुन्हा हात हवा, आणि मगाच्या उंच भिंतींवर नानांची बोटे आपटू लागली. कान ही दोन हातांच्या माणसाची सोय आहे, हे तोवर आमच्या ध्यानीच आले नव्हते.

पाण्याचेही सांगितले पाहिजे. शाळेत ‘सुफेन’ आणि ‘दुष्फेन’ हे शब्द आम्ही परीक्षेपुरते पाठ केले. त्यांचा अर्थ दिल्लीतील कूपनलिकेने शिकविला. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका बनवितात, आणि तो झाल्यावर उरेल तेवढ्याच साबणाचा फेस होतो. अशा पाण्याला भांडे कितीही उत्तम आणले तरी पुरे पडत नाही. आम्ही स्वयंपाकघरातील शुद्धीकरण यंत्राचे पाणी तापवून घेऊ लागलो, आणि निम्मा साबण वाचला.

मुख्य अडचण सरकण्याची होती. ती सोडविली आमच्या सौभाग्यवतीने, आणि तीही लसूण कुटता कुटता. ‘‘अहो, खल कधी हलतो का?’’ एवढेच ती म्हणाली. वाटी धरावी कशी याचा आम्ही विचार करीत बसलो होतो. धरावीच लागू नये अशी वाटी हवी, हे तिने एका वाक्यात सांगितले.

पुढच्या रविवारी आम्ही आगगाडीने खुर्ज्यास गेलो. दिल्लीपासून ८५ किलोमीटरांच्या आसपास असलेले हे गाव चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. ब्रश बरोबर नेला होता. दुकानदाराने नक्षीची भांडी पुढे केली. आम्ही प्रत्येक भांडे फळीवर ठेवून त्यात डाव्या हाताने कोरडा ब्रश फिरवून पाहू लागलो, तेव्हा तो प्रथम हसला आणि कारण कळल्यावर आतून स्वतःच भांडी काढून आणू लागला. अखेर एक बसका वाडगा पसंत पडला. तोंड ११ सेंटिमीटर, खोली ६, वजन अर्ध्या किलोच्या वर. ब्रशाचा झुबका मुळाशी २२ ते २४ मिलिमीटर असला तरी दाबल्यावर दुपटीने पसरतो. चहाच्या कपात त्याला वळावयास जागाच नसते. आतून कुंभाराच्या बोटांच्या वळ्या तशाच राहिल्या होत्या. दुकानदार त्याला खोट समजून किंमत कमी करावयास तयार होता. आम्हाला तर त्याच हव्या होत्या. गुळगुळीत भिंतीवर ब्रश नुसता घसरतो, वळ्यांवर तो अडतो आणि अडल्यामुळेच फेसात हवा मिसळते. बुडाला झिलई नव्हती, त्यामुळे खालची खरखरीत माती टेबलास धरून राही. घरी आल्यावर आम्ही त्याखाली ओला पंचा घडी करून ठेवला. मग तो वाडगा तसूभरही हलेना.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. जाड माती ऊब राखते खरी, पण आधी तिला ती द्यावी लागते. थंड वाडगा फेसातली ऊब पिऊन टाकतो. म्हणून प्रथम तो कढत पाण्याने भरून दोन-तीन मिनिटे ठेवावा, ब्रशही त्यातच भिजू द्यावा, मग पाणी ओतून टाकून साबण घ्यावा आणि पुढचे पाणी थेंबाथेंबाने घालावे. एकदम पाणी घातले की फेसाचे बुडबुडे होतात आणि गालावर ठरत नाहीत.

पहिल्या दिवशी नानांनी वाडग्याकडे संशयाने पाहिले. डाव्या हाताने ब्रश घेतला, एक फेरा मारला, थांबले, वाडगा जागीच आहे याची खात्री केली आणि पुन्हा फिरवू लागले. पंधरावीस मिनिटे लागली असतील. फेस दाट झाला तेव्हा तो त्यांनी स्वतःच गालांना लावला. थोडा कानाला लागला, थोडा चष्म्याला. मग ब्रशाच्या दांड्याने काठावर दोनदा टकटक केली. फेस तयार आहे, आता यंत्र घेऊन या, असा त्याचा अर्थ होता, आणि पुढे चार वर्षे रोज सकाळी आमच्या घरात ती टकटक होत असे.

वाडगा आता आम्ही वापरतो. काठावर त्या ठिकाणी झिलईचा एक टवका उडालेला आहे.