प्रतीची नोंद आणि नोंदीची लिपी



जुन्या अंकांचे स्कॅन, हस्तलिखितांची छायाचित्रे, लेखकांचे टंकलेखन यांची दुसरी प्रत, म्हणजे बॅकअप, ठेवावी हे आता कोणाला पटवावे लागत नाही. मला त्यापुढचे सांगायचे आहे. रोज रात्री होणाऱ्या बॅकअपचे काय झाले, याची नोंद वेगळ्या फाइलमध्ये उतरली पाहिजे आणि ती आपल्याला वाचता आली पाहिजे.

बॅकअपच्या प्रणाली झालेल्या कामांची यादी पडद्यावर दाखवतात. मोठ्या संस्था वापरतात त्या नेटबॅकअपमध्ये तिला ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’ म्हणतात. पण ठरलेल्या मुदतीनंतर जुनी कामे त्या यादीतून गळतात. एखादे दप्तर कित्येक महिने प्रतीत उतरलेलेच नसेल, तर ते नेमके कधीपासून राहिले हे तिथे शोधता येत नाही. म्हणून स्क्रिप्ट लागते. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने क्रमाने पाळायच्या आज्ञांची लहानशी फाइल. नेटबॅकअपमध्ये ‘बीपीडीबीजॉब्स’ ही आज्ञा सारी यादी स्वल्पविरामांनी विभागलेल्या ओळींत काढून देते.

लहान ग्रंथालयाला एवढी मोठी प्रणाली लागत नाही. विंडोजमध्ये ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा असतेच. पॉवरशेलची स्क्रिप्ट ती चालवते, आणि काम संपल्यावर तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, दप्तराचे नाव आणि निकालाचा अंक अशी एक ओळ सीएसव्ही फाइलमध्ये जोडते. ‘टास्क शेड्युलर’ ती रोज ठरल्या वेळी चालवतो. ओळ जोडताना ‘अपेंड’ हा पर्याय द्यावा, नाहीतर आजची ओळ कालची पुसून टाकते.

निकालाचा अंक समजून घ्यावा लागतो. नेटबॅकअपमध्ये ० म्हणजे काम पूर्ण आणि १ म्हणजे अर्धवट यश. रोबोकॉपीत मात्र १ म्हणजे फाइली नीट उतरल्या. तिथे ८ किंवा त्याहून मोठा अंक आला, की काही फाइली उतरल्या नाहीत असे समजावे. एकच अंक, पण प्रणाली बदलली की अर्थ बदलतो. म्हणून अंकाशेजारी त्याचा अर्थही मराठीत लिहिण्याची सोय स्क्रिप्टमध्ये करावी.

आता लिपीचा प्रश्न. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये ‘एक्स्पोर्ट-सीएसव्ही’ ही आज्ञा काही न सांगता दिली, तर ती ॲस्की संकेतात लिहिते. ॲस्कीत देवनागरी नाही. त्यामुळे प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. ‘ज्ञानेश्वरी’ या नावात व्यंजने, काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त धरून युनिकोडची ११ चिन्हे आहेत; ‘तुकारामगाथा’ या जोडून लिहिलेल्या नावातही ११च. नोंदवहीत दोन्हींची ११ प्रश्नचिन्हे होतात. कोणते दप्तर उतरले आणि कोणते राहिले, हे मग कोण सांगणार? मूळ फाइली सुखरूप असतात, पण नोंद निरुपयोगी होते.

उपाय सोपा आहे. आज्ञेत ‘एन्कोडिंग’ या पर्यायापुढे यूटीएफ-८ लिहावे. रोबोकॉपीच्या स्वतःच्या तपशीलवार नोंदीसाठी ‘लॉग’ऐवजी ‘युनिलॉग’ हा पर्याय द्यावा. फाइलींना रोमन नावे देऊन प्रश्न टाळण्याची सवय आपल्याकडे रुळली आहे. तिची गरज नाही. यंत्राला देवनागरी येते, ती वापरायला त्याला सांगावे लागते.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. नोंदीची फाइल बॅकअपच्याच डिस्कवर ठेवू नये; डिस्क गेली तर दोन्ही जातील. आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी ती वाचावी. स्क्रिप्टच चालली नाही त्या दिवशी ओळच नसते, आणि गाळलेली तारीख माणसाच्या नजरेलाच दिसते. शिवाय नोंद म्हणजे प्रतीची हमी नव्हे. महिन्याला एखादी फाइल प्रतीतून परत काढून उघडून पाहावी.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या संग्रहांत काही अंकांची एकच प्रत उरलेली असू शकते. ती स्कॅन करण्याचे कष्ट आपण घेतोच. इथे बसलेल्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या ग्रंथालयासाठी अशी एक स्क्रिप्ट लिहून दिली, आणि ती वाचायची कशी हे ग्रंथपालांना शिकवले, तर ते कष्ट वाया जाणार नाहीत.